शेवटचा तुकडा भाजीत टाका



होळी सरली की आपल्या गोंदियाकडे वस्ती-वस्तीत बाजा अंगणात निघतात. बाजेवर धुतलेली जुनी साडी, साडीवर आलूचे चिप्स, बाजूच्या सुपात साबुदाण्याच्या पापड्या, आणि कोंबड्या हाकलायला काठी घेऊन बसलेली घरातली म्हातारी. याच दिवसांत पोरांच्या परीक्षा, याच दिवसांत १४ एप्रिलची तयारी, मागून लग्ने आणि तेंदूपत्ता. बाईच्या हाताला उसंत म्हणून नाही. अशा वेळी कुणी सांगितले की, अर्ध्या दिवसाचे काम पाऊण तासात करून देणारी वस्तू शंभर-सव्वाशे रुपयांत मिळते, तर कोण घेणार नाही? मीही घेतली.

ती वस्तू म्हणजे चिप्सची किसणी. मुली तिला स्लायसर म्हणतात. फ्रेंच लोकांच्या स्वयंपाकघरात तिचे नाव मँडोलिन. युरोपात कोबी आंबवून ठेवण्यासाठी लाकडी पाटात पाते बसवून फार पूर्वीपासून कोबी चिरत. जपानमध्ये प्लास्टिकची चापट किसणी निघाली, ‘बेनरिनर’ नावाची. त्यांच्या भाषेत ‘बेनरी’ म्हणजे सोयीचे. सोयीची तर आहेच. ‘ताई, घ्यावी का?’ असे आपल्या दोन-तीन वाचक भगिनींनी मला भेटून विचारले. त्यांना माझे उत्तर आहे, घ्या. पण घेण्याआधी माझ्या घरी काय झाले ते ऐका.

मी ती एका जत्रेत घेतली. विकणारा पोऱ्या मोठा चपळ होता. पुढ्यात काकड्यांचा ढीग, आणि हात असा चालत होता की पाहतच राहावे. एक चकती उचलून उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, ‘मावशी, यातून पेपर वाचा.’ आम्ही सगळ्या बाया हसलो आणि पैसे काढले. आता आठवते की तो नुसत्या हाताने काकडी सरकवत होता. डब्यात एक गोल टोपीसारखी वस्तू होती, खालून खिळ्यांसारखे दाते असलेली. ती त्याने एकदाही वापरली नाही, दाखवलीही नाही. दिवसभर तेच काम करणाऱ्याचा हात आणि आपला हात यांत फरक असतो, हे जत्रेत कुणाच्या लक्षात येते! घरी आल्यावर ती टोपी पोरांनी भोवरा म्हणून नेली आणि दोन दिवसांत हरवली. मीही शोधली नाही. फुकटचे काहीतरी दिले असेल असे समजले.

माझी धाकटी जाऊ बिड्या वळते. तिने पाच किलो आलू आणले आणि किसणी मागायला आली. मी दिली. ‘सांभाळून हं,’ एवढे बोलले, आणि आपण मोठे काम केले असे मला वाटले. तिने छपरीत गंजावर किसणी आडवी धरली आणि सगळे आलू उरकले. शेवटच्या आलूचा शेवटचा तुकडा राहिला होता. तोही वाया जाऊ नये म्हणून तिने दाबून सरकवला. उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक नखाच्या कोपऱ्यासह गेले.

तिने पहिले काय केले असेल? गंज पायाने बाजूला सरकवला, चिप्सवर रक्त पडू नये म्हणून. मग पदर दाबला आणि मला हाक मारली. मी धावत गेले तर ती रडत नव्हती. मला म्हणाली, ‘ताई, आता हजारी कशी पुरी करू वं?’

ज्यांच्या घरी बिडी नाही त्यांच्यासाठी सांगते. बिडीची मजुरी हजारावर मोजतात. मांडीवर सूप घ्यायचे, भिजवलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कैचीने कातरायचे, चिमूटभर तंबाखू पसरायचा, अंगठा आणि तर्जनी यांच्यात पान गुंडाळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. हे एका दिवसात हजार वेळा. बोटाचे टोकच ठरवते की बिडी घट्ट झाली की ढिली, आणि ढिली बिडी सट्टेदार छाटून बाजूला टाकतो. म्हणजे ज्या जागेची कातडी गेली, तीच तिची मजुरी कमावणारी जागा होती.

तीन आठवडे ती वळू शकली नाही. सट्टेदाराकडचे काम सुटू नये म्हणून तिची मुलगी शाळेतून आल्यावर सूप घेऊन बसू लागली. नववीची परीक्षा तोंडावर. पोरगी रात्री साडेअकरापर्यंत पाने कातरायची आणि त्यानंतर पुस्तक उघडायची. गणितात जेमतेम पास झाली. ती हुशार आहे, हे मी काकू म्हणून नाही, तिच्या आधीच्या निकालावरून सांगते. किसणी शंभर-सव्वाशेची. तीन आठवड्यांच्या हजारीचा हिशेब बिडीवाल्या भगिनी माझ्यापेक्षा लवकर करतील. आणि पोरीच्या मार्कांचा हिशेब कुठे मांडायचा, ते मला अजून कळलेले नाही.

बोटाची किंमत कायद्यानेही केली होती, हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक नसेल. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा जो कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात बोटांचा तक्ता होता. अख्खी तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के गेली असे धरायचे. तर्जनीचे एक पेर गेले तर ९ टक्के. हाड न जाता नुसते टोक छाटले गेले तर ५ टक्के. मधल्या बोटाचे टोक ४, करंगळीचे २. अंगठा मात्र सगळ्यांत महाग, पूर्ण गेला तर ३० टक्के. हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो, पण ज्यांनी तो केला त्यांना एक गोष्ट नक्की कळली होती: कष्टकऱ्याच्या बोटाचे टोक म्हणजे त्याच्या पगाराचा तुकडा.

घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने मानले. मालक मंडळी त्याविरुद्ध कोर्टात गेली, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा योग्य ठरवला. म्हणजे आपल्या छपरीत बसून पान कातरताना बाई कामगार असते. त्याच छपरीत, त्याच बोटांनी, तासाभराने ती आलू किसायला बसली की कुणाचीच कामगार नसते. तेव्हा गेलेल्या टोकाला भरपाई नाही, तक्ता नाही. तिची काळजी आपली आपणच घ्यायची. म्हणून आज एवढे लांबण लावते आहे.

मला प्रश्न पडला होता की, लहानपणापासून पावशीवर कापणाऱ्या बाईचे बोट किसणीवर का जावे? पावशी म्हणजे पुण्या-मुंबईकडची विळी. ती तर केवढी धारदार असते. मग मी दोन्ही वस्तू समोर ठेवून पाहिल्या. पावशीचे पाते उभे असते आणि डोळ्यांसमोर असते. पाय पाटावर, म्हणून ती हलत नाही. भाजी दोन हातांत, पात्याच्या दोन बाजूंना. भाजी हातानेच पात्याकडे न्यायची, तीही जपून, कारण धार दिसत असते. किसणीचे सगळे उलटे. पाते आडवे असते आणि आलूखाली झाकलेले असते. हात पात्याच्या वरूनच पुढे-मागे पळतो. जोर खालीही द्यायचा आणि पुढेही. प्रत्येक फेऱ्याला आलू एका चकतीने कमी होतो, म्हणजे बोटे एक-एक चकतीने पात्याजवळ येतात, आणि हाताला ते कळत नाही, कारण हाताला लय लागलेली असते. पहिला आलू कुणाचे बोट कापत नाही. कापतो तो पंधरावा-विसावा, तोही संपत आलेला असताना.

आणखी एक गोष्ट. लोकांना वाटते धार जास्त म्हणजे धोका जास्त. किसणीत बोथट पाते जास्त वाईट. धार असली तर आलू नुसत्या वजनाने सरकतो. धार गेली की आपण दाबतो, दाबला की तो अडतो, अडला की आपण आणखी जोर लावतो, आणि तो एकदम सुटतो. सुटलेला हात थांबवता येत नाही. जाऊबाईच्या वेळी नेमके हेच झाले. माझी किसणी दोन वर्षांची होती. मी तिच्यावर गाजर, मुळा, सुकलेले कोहळे, सगळे काही ओढले होते.

म्हणून विकत घेतानाच चार गोष्टी पाहा. जत्रेतल्या पोऱ्याच्या काकडीकडे पाहू नका, पात्याकडे पाहा. पाते सरळ आडवे बसवलेले असेल तर ते आलूला एकदम भिडते आणि ढकलावे लागते. तिरपे असेल, किंवा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दोन पाती असतील, तर ते एका कोपऱ्यातून शिरते आणि ओढत कापते, जोर कमी लागतो. एकाच पत्र्यात फटी पाडून केलेली सगळ्यांत स्वस्त किसणी मिळते, तिची धार थोड्याच दिवसांत जाते आणि घरी लावता येत नाही. प्लास्टिकची असेल तर मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. वाकली तर एक चकती जाड, एक पातळ निघणार, आणि उन्हात पातळ करपून जाड ओली राहणार. आणि दात्यांची ती टोपी डब्यात आहे का, किसणीच्या दोन्ही कडांवर नीट बसून सरकते का, हे दुकानदारासमोरच पाहून घ्या. नसेल तर ती किसणी घेऊ नका. पंचवीस रुपये जास्त गेले तरी चालतील.

आता वापरण्याचे सांगते. गंजावर आडवी धरून किसू नका. ओल्या हाताने धरलेली किसणी गंजाच्या काठावरून घसरते. जमिनीवर पाट किंवा टेबल घ्या, त्यावर ओले फडके चौघडी करून ठेवा, त्यावर किसणीचा खालचा टोकाचा भाग टेकवा आणि वरचे टोक डाव्या हातात घट्ट धरा. ओल्या फडक्यावर ती हलत नाही. चिप्स खाली परातीत पडू द्या. आलू सोलून पाण्यात ठेवले असतील तर किसण्याआधी एक-एक पुसून घ्या. ओला आलू साबणाच्या वडीसारखा निसटतो. लांब आलूची एक बाजू पावशीवर थोडी कापून सपाट करा आणि ती सपाट बाजू खाली धरा, म्हणजे तो लोळणार नाही.

टोपी पहिल्या फेऱ्यापासूनच लावा. ‘अर्धा झाला की लावू’ असे म्हणणारी बाई अर्ध्यावर थांबत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. टोपी हरवली असेल तर पाठीमागून आलूत काट्याचा चमचा खोलवर रुतवा आणि चमचा धरून सरकवा. तेवढे जमत नसेल तर तळहात सपाट ठेवून त्याच्या फुगीर भागाने आलू ढकला, बोटे वर उचललेली. मात्र अंगठाभर जाडी राहिली की थांबा, थांबायचे म्हणजे थांबायचे. हल्ली न कापणाऱ्या धाग्याचे हातमोजेही बाजारात मिळतात. एकटीने घेणे जड वाटत असेल तर चार घरांत एक जोडी घ्या. साधा सुती मोजा किंवा हाताला गुंडाळलेली चिंधी मात्र नको. ती पात्यात अडकते आणि बोटाला सोबत ओढते.

राहिलेला तुकडा फेकायचा नाही आणि किसायचाही नाही. पाच किलोंत मध्यम आकाराचे चाळीस-पन्नास आलू बसतात, म्हणजे चाळीस-पन्नास तुकडे. ते एका गंजात जमा करा आणि रात्री भाजीत टाका, नाहीतर सकाळी पोह्यांत. एका वेळची भाजी सुटते. वाया जाण्याच्या भीतीनेच आपली बोटे जातात, म्हणून हा हिशेब आधी मनात पक्का करा.

कोणत्या भाज्या किसणीवर घ्यायच्या? आलू, काकडी, मुळा, गाजर, दुधी, कच्ची केळी. पत्ताकोबी पाव भाग करून. कांदा घ्यायचा तर मुळाकडचा दांडा ठेवून, कारण शेवटी त्याच्या पाकळ्या सुट्या होतात आणि हात घसरतो. कडक कोहळे, जिमीकंद, सुकलेले अद्रक यांना किसणीवर घेऊ नका, त्यांना पावशीच बरी. जिथे अंग टाकून जोर लावावा लागतो तिथे किसणीचे काम नाही.

पोरांना हातात देऊ नका. आणि पोरे म्हणजे लहानच असे नाही. आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या सामूहिक जेवणासाठी कांदे-काकड्या चिरायला तरुण मंडळी बसली होती. बसली हे फार चांगले झाले, दरवर्षी बसावीत. पण दोन किसण्या मिळाल्या तर त्यांनी शर्यत लावली. जिंकणाऱ्याच्या बोटाला पट्टी बांधूनच जेवण सुरू झाले. घरातल्या पुरुषांनी आलू किसायला जरूर बसावे. टोपी लावून बसावे, एवढेच.

चिप्सची कृती दिल्याशिवाय सदर पुरे होणार नाही, आणि त्यातही थोडे कळण्यासारखे आहे. आलू मोठे, कडक, कोंब न फुटलेले घ्या. हिरवट झालेले नकोत, त्या हिरव्या भागासोबत विषारी द्रव्य तयार होते. शीतगृहातले आलू थंडीने गोड होतात आणि तळताना लाल-काळे पडतात. असे आलू दहा-पंधरा दिवस घरात सावलीत पसरून ठेवले तर ती गोडी बरीच उतरते. चिप्ससाठीच म्हणून सिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने १९९८ साली ‘कुफरी चिप्सोना’ नावाचे वाण काढले. त्यात साखर कमी असते आणि पाणीही कमी. बाजारात दुकानदाराला नाव विचारून पाहा. मिळाले तर नशीब.

चकती रुपयाच्या नाण्याइतकी जाड ठेवा. त्याहून पातळ झाली तर साडीला चिकटून फाटते, जाड झाली तर वरून वाळते आणि आतून दमट राहते. चकत्या लगेच पाण्यात पडल्या पाहिजेत, उघड्या राहिल्या की हवेने काळ्या पडतात. तीन पाणी बदला, चौथे स्वच्छ दिसेपर्यंत. पहिल्या पाण्याच्या तळाशी पांढरा सत्त्वाचा थर बसतो. तो फेकू नका. वरचे पाणी ओता, थर ताटात वाळवा. त्याची कांजी पांढऱ्या सुती साडीला छान बसते, जयंतीच्या दिवशी साडी कशी कडक राहते पाहा. चकत्या रात्रभर पाण्यात ठेवा, त्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवा.

सकाळी लवकर गंजभर पाणी उकळा, मीठ टाका, त्यात चकत्या सोडा. तीन-चार मिनिटांत एक काढून वाकवून पाहा. न मोडता वाकली आणि नख सहज रुतले की उतरवा. जास्त शिजली तर लगदा, कमी शिजली तर तळल्यावर दाताला टणक. चाळणीत निथळून साडीवर एक-एक सुटी पसरा. आपल्या उन्हाला दोन दिवस पुरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी उलटी करा. मूठभर हलवल्यावर खुळखुळ वाजली की झाले. आलूत पाच भागांतले चार भाग पाणीच असते, म्हणून पाच किलोंचे किलोभर चिप्स झाले तर ‘कुणी उचलले’ म्हणून शेजारणीशी भांडू नका.

किसणी वापरून झाली की लगेच धुवा. साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवू नका. फेसाखाली पाते दिसत नाही आणि भांडी घासायला मुलगी हात घालते. वाहत्या पाण्याखाली, पाठीकडून धारेकडे, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा. कोरडी पुसा, पात्याला तेलाचा थेंब लावा, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो. दर वेळी वापरण्याआधी स्क्रू ढिला नाही ना ते पाहा. धार गेली असे वाटले की ती किसणी काढून टाका. तिच्यावर माया करू नका.

आणि एवढे करूनही बोट कापलेच तर? घाबरू नका, पण वेळही घालवू नका. हातातली अंगठी, बांगड्या पहिल्यांदा काढा, बोट सुजले की निघत नाहीत. स्वच्छ वाहत्या पाण्याखाली जखम धुवा. धुतलेल्या कपड्याने दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. दहा मिनिटे दाबायचे, मध्ये उघडून ‘थांबले का’ म्हणून पाहायचे नाही. दर वेळी उघडले की रक्त पुन्हा सुरू होते. हळद, चुना, राख, तंबाखू, टूथपेस्ट यातले काहीही भरू नका. आमच्या घरीही कुणीतरी तंबाखूची चिमूट घेऊन धावले होतेच. पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, बोट बधिर झाले, वाकेना, किंवा हाड दिसले तर थेट दवाखान्यात जा. टोक तुटून पडले असेल तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवून सोबत न्या. तुकडा बर्फात किंवा पाण्यात थेट टाकू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी कधी घेतले ते डॉक्टरला सांगा. आठवत नसेल तर तसे सांगा. १ मे १९९९ ला आपला जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आणि २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत.

नुसती टोकाची कातडी गेली असेल, हाड उघडे नसेल, तर स्वच्छ पट्ट्या बदलत राहिल्या की बहुधा काही आठवड्यांत ती आपोआप भरते. साखरेचा आजार असणाऱ्यांनी मात्र लहान जखमही डॉक्टरला दाखवावी. आणि बिडीवाल्या भगिनींनो, पट्टी असेपर्यंत तंबाखूत हात घालू नका. तंबाखूतले निकोटीन कातडीतूनही अंगात जाते, त्याने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम भरायला उशीर होतो. ‘एक हजारी तरी वळून घेते’ म्हणून तिसऱ्याच दिवशी सूप मांडीवर घेतले, तर तीन आठवड्यांचे पाच होतील.

जाऊबाईचे बोट भरले आहे. टोक थोडे चपटे राहिले, आणि थंडीत बिडीचे तोंड दुमडताना झिणझिण्या येतात असे ती सांगते. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा घरात कुणीतरी मोठा श्वास सोडला; तो माझाच होता.

मी नवी किसणी घेतली, तिरप्या पात्याची, टोपीसह. जाऊबाईने पहिल्याच दिवशी टोपीला कडेने भोक पाडले, बिडी बांधायचा दोरा चौपदरी वळला, आणि टोपी किसणीला बांधून टाकली. आता दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या असतात. कुणी मागायला आले तर दोन्ही सोबतच जातात. या आठवड्यात तिने स्वतःच नेली, पाच किलो आलू केले, आणि संध्याकाळी पोरीच्या हाताने एक गंज आमच्याकडे पाठवला. मोजले तर त्रेचाळीस तुकडे होते. रात्री त्यात सांबार टाकून भाजी केली.